बूट न काढणारं स्थळ

माझी उंची पाच फूट सात इंच. आज हे सांगताना काही वाटत नाही, पण नव्वदच्या आसपास लग्नाच्या मुलीची एवढी उंची घरच्यांना आजारासारखी वाटायची. आई शेजारणींशी बोलताना आवाज खाली आणून म्हणायची, "तिला उंची आहे ना." कुणाला साखर असते, कुणाला दमा असतो, तशी मला उंची होती.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते अंबरनाथला एका कारखान्यात फिटर होते. बदलापूरला नवीन बिल्डिंगा उभ्या राहायला लागल्या तेव्हा आम्ही अंबरनाथची चाळ सोडून तिकडे तिसऱ्या मजल्यावर वन रूम किचन घेतलं. मी उल्हासनगरच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले आणि अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत नोकरीला लागले. कॉलेजात तीन वर्षं बास्केटबॉल खेळले. खेळाची फार हौस होती असं नाही. पहिल्याच आठवड्यात खेळाच्या सरांनी मला वर्गाच्या दारातून वाकून आत येताना पाहिलं. दार चांगलं उंच होतं, पण मला वाकायची सवय. सर म्हणाले, "तू उद्यापासून ग्राउंडवर ये. आणि वाकू नकोस."

सर एकटेच असं म्हणणारे. घरी उलट शिकवण होती. माझ्यासाठी स्थळं आणायचं काम आत्याकडे होतं. ती उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहायची आणि तिची पद्धत ठरलेली होती. मुलाकडच्यांना ती माझी उंची पाच-पाच सांगायची. "दोन इंच काय, बघण्यात निघून जातात," असं तिचं मत. ते कसे निघून जातात हे तिनं कधी सांगितलं नाही.

पहिल्या स्थळाला मी पोहे घेऊन आले तेव्हा मुलगा उभा राहिला, आणि लगेच बसला. त्यांचा नकार आला. दुसऱ्या वेळी आत्यानं युक्ती काढली की पाहुणे येण्याआधीच मी खुर्चीत बसून राहायचं आणि ते जाईपर्यंत उठायचं नाही. मी बसून राहिले. पोहे आईनं दिले, चहा आत्यानं दिला, ताटल्या अण्णांनी उचलल्या. अर्ध्या तासानं मुलाच्या काकूनं आईला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, "मुलगी चालते ना?" आईचा चेहरा पडला. मग मला चालून दाखवायला सांगितलं. मी खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. काकू म्हणाली, "चालते हो चांगली," आणि तेही स्थळ गेलं.

त्यानंतर आईनं मला साडीच्या आत गुडघे वाकवून उभं राहायला शिकवलं. निऱ्या भरपूर घेतल्या की वाकलेले गुडघे दिसत नाहीत. पंधरा दिवस रोज संध्याकाळी सराव चालायचा. बास्केटबॉलमुळे मांड्या मजबूत होत्या, म्हणून जमलं. अण्णा पेपरच्या आडून बघायचे आणि म्हणायचे, "डावा गुडघा जरा जास्त वाकलाय, लेव्हल बिघडते."

अशा तयारीनंतर तिसरं स्थळ आलं. मुलगा कॅम्प चारचाच, आत्याच्या ब्लॉकपासून दोन गल्ल्या सोडून, अंबरनाथच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन. वडील नव्हते, आई होती. सगळा व्यवहार मामांच्या हातात. मामांनी आत्याला मुलाची उंची पाच-सात सांगितली होती. आत्या खूश. पाच-सात आणि पाच-पाच, जोडा कसा छान दिसेल!

एप्रिलचा रविवार होता. चारच्या सुमारास पाहुणे आले. मी स्वयंपाकघरात पडद्याआड गुडघे वाकवून उभीच होते. बाहेर जयभीम झाला, चपला काढल्याचे आवाज आले. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं.

मामा आत आले होते. मुलाची आई, एक अगदी लहान चणीची बाई, आत आली होती. मुलगा दारातच उभा. त्याच्या पायात पांढरे-लाल, घोट्याच्याही वर जाणारे, जाड सोलचे बास्केटबॉलचे बूट होते. जुन्या अमेरिकन फॅशनचे तसले बूट तेव्हा कॅम्पात नव्यानं बनायला लागले होते. त्यावर कडक इस्त्रीची पँट, फुल शर्ट आणि टाय. कमरेच्या वर तो बँकेत इंटरव्ह्यूला निघालेला आणि कमरेच्या खाली मॅच खेळायला.

अण्णा म्हणाले, "या ना, आत या. बूट तिथंच काढा, कुणी नेत नाही इथून."

मुलगा मामांकडे बघायला लागला. मामा म्हणाले, "त्याचं काय आहे, घोटा मुरगळलाय त्याचा. डॉक्टरांनी सांगितलंय, बूट अजिबात काढायचे नाहीत."

"अजिबात?"

"अजिबात."

"झोपताना?" अण्णांनी खरंच काळजीनं विचारलं.

मामा घुटमळले. "झोपताना डॉक्टर काही बोलले नाहीत."

आता अडचण अशी की आमच्या त्या एकाच खोलीत समोरच्या फळीवर बुद्धांची मूर्ती होती. तिच्यासमोर कुणी बूट घालून आलेलं अण्णांना चालणार नव्हतं, आणि दुखऱ्या पायाच्या पाहुण्याला दारातून परत पाठवणंही त्यांच्या स्वभावात नव्हतं. आईनं तोडगा काढला की दारापासून खुर्चीपर्यंत वर्तमानपत्र पसरायचं. अण्णांनी गठ्ठा काढला. पहिल्या पानावर एका थोर पुरुषाचा फोटो. त्यावर पाय कसा देणार? दुसऱ्या पानावर गणपती. आपला देव नसला म्हणून काय झालं, अण्णा म्हणाले, दुसऱ्याचा आहे. तिसऱ्या पानावर श्रद्धांजलीच्या चौकटी, सगळी मेलेली माणसं हात जोडून बघतायत. चौथं पान खेळाचं, तिथं एक बॅट्समन. अण्णांनी मुलाला विचारलं, "यावर पाय द्याल का?" मुलगा पहिल्यांदा बोलला. "हा नको. हा माझा आवडता आहे."

शेवटी आत्याच म्हणाली, "वर गच्चीत बसू या ना! हवा पण आहे."

मग सगळं बिऱ्हाड गच्चीत निघालं. शेजारच्या दोन घरांतून खुर्च्या मागवल्या. पोह्यांचं पातेलं, ताटल्या, पाण्याचा तांब्या, सगळं वर. जिन्यात मुलगा दोनदा अडखळला आणि दोन्ही वेळा मामांनी त्याला मागून धरलं, तेव्हा घोट्याचं दुखणं खरं असावं असं मलाही वाटलं.

गच्चीत सगळ्या बिल्डिंगच्या साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातलेल्या. खुर्च्या ठेवायला पाण्याच्या टाकीजवळ तेवढी जागा मोकळी होती. बाकीचे आपापल्या चपला घालून वर आले, पण आईनं मला खालीच अडवून कानात सांगितलं, "तू अनवाणी ये. चपलेनं अर्धा इंच वाढतो."

अनवाणी, गुडघे वाकवून, हातात पोह्यांचा ट्रे घेऊन मी गच्चीच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं. एप्रिलमधली गच्ची, दिवसभर तापलेली. पहिल्या पावलाला कळलं. पण परत फिरणं शक्य नव्हतं, आणि पळावं तर दोन्ही बाजूंना पापड्या. मी त्यांच्या मधल्या वाटेनं वाकलेल्या गुडघ्यांनी लगबगीनं आले. पुढं माझी आई म्हणाली, बदकासारखी दिसत होतीस.

मामांना त्यातलं काही दिसलं नाही, ते उत्साहात होते. "अरे ऊठ, ऊठ, तिच्या हातातून घे की ताटली!" मुलगा उठला. आम्ही समोरासमोर उभे. तो माझ्याहून चांगला वरती होता. मामांनी आत्याकडे बघून मान हलवली. आत्यानंही हलवली. त्या एका क्षणात जोडा खरोखर जमला होता.

मग माझे पाय जळायला लागले. आधी मी एक पाय उचलला, मग दुसरा. हातात ट्रे, त्यामुळे तोल सांभाळायला गुडघे सरळ झाले, आणि मी वर आले. हळूहळू, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, वर वर येतच राहिले. मुलाची नजर माझ्या भांगावरून कपाळावर, कपाळावरून डोळ्यांवर, असा प्रवास करत होती.

"अगं बाई," मुलाची आई म्हणाली.

मी मात्र नाचतच होते. मुलानं खाली माझ्या पायांकडे पाहिलं. "तुमचे पाय भाजतायत का?"

"हो."

"चपला नाहीत?"

"आहेत. खाली आहेत."

तो खुर्चीत बसला आणि बुटांच्या लेस सोडायला लागला. मामा म्हणाले, "अरे, डॉक्टरांनी..."

"कुठल्या डॉक्टरांनी, मामा?"

त्या बुटांना वरपर्यंत भोकं होती आणि प्रत्येक भोकातून लेस ओढून काढावी लागत होती. आम्ही सगळे बघत उभे. शेवटी दोन्ही बूट निघाले. त्यानं ते माझ्यासमोर नीट जोडून ठेवले आणि म्हणाला, "घाला. आठ नंबर आहे."

मलाही आठ नंबर लागायचा. मी ट्रे आत्याच्या हातात दिला आणि बूट घातले. पावलांना गारवा मिळाला तो शब्दांत सांगता येणार नाही. पण त्याचबरोबर मी आणखी वर गेले. जरीकाठी साडी, केसांत मोगरा, पायात पांढरे-लाल बूट, आणि समोर मुलगा मोज्यांवर, माझ्या कानाला. आता तो नाचायला लागला. मग आवडता बॅट्समन आहे का हे न बघताच तो एका वर्तमानपत्रावर उभा राहिला. ते अण्णांनी वर बसायला आणलं होतं.

बुटात टाचेखाली मला काहीतरी टोचत होतं. मी विचारलं, "आत काय घातलंय?"

तो लाजला. "हवाई चपलेच्या टाचा. कापून घातल्यात. एकीवर एक, दोन-दोन."

"उतार होत असेल ना. चालता कसे?"

"नाही येत चालता. जिन्यात पाहिलं ना तुम्ही."

आत्यानं डोक्याला हात लावला. "म्हणजे पाच-सात नाही हा!"

मामा उसळले. "पाच-सात आहे! बुटासकट पाच-सात आहे. मी खोटं बोललेलो नाही."

अण्णा शांतपणे म्हणाले, "मग आमची मुलगी पण गुडघ्यांसकट पाच-पाच आहे."

यानंतर भांडण व्हायला हवं होतं, पण तसं झालं नाही, कारण अण्णांचं लक्ष बुटात गुंतलं होतं. ते खाली गेले आणि स्वतःचं जाडी मोजायचं व्हर्निअर कॅलिपर घेऊन आले. मला एक बूट काढायला लावला, त्याचा टाचेकडचा सोल बाहेरून मोजला आणि म्हणाले, "पावणेदोन इंच. चांगला माल आहे."

मी म्हणाले, "अण्णा, तसं नसतं. बास्केटबॉलच्या बुटाची रबराची कड बाहेरून वर चढवलेली असते. पाऊल आत खाली बसतं. आम्ही कॉलेजात घालायचो ना. बाहेरून दिसते तेवढी उंची मिळत नाही कधी."

"किती मिळते मग?"

"इंच. सव्वा इंच फार तर."

मामांना हे सहन झालं नाही. "काय बोलता! कॅम्पातल्या कारखान्यात मी स्वतः उभा राहून घेतलेत. तो शेटजी छातीवर हात ठेवून बोलला, साईं, दो इंच पक्का." आता मामा मुलाची बाजू सोडून बुटाच्या बाजूनं लढायला लागले होते. अण्णा कॅलिपर उघडून बघत, मामा बुटाच्या आत बोटं घालून बघत. आई म्हणाली, पोहे गार झाले, पण कुणी ऐकलं नाही.

शेवटी ठरलं की प्रत्यक्ष मोजायचं. मी बूट काढून वर्तमानपत्रावर उभी राहिले आणि टाकीच्या भिंतीला मुलाला उभं केलं. आधी अनवाणी, मग हवाई चपलेचे तुकडे काढून नुसत्या बुटांत, मग तुकड्यांसकट. प्रत्येक वेळी अण्णांनी त्याच्या डोक्यावर ताटली आडवी धरली आणि विटेच्या तुकड्यानं भिंतीवर रेघ मारली. मधली अंतरं मोजली. नुसता बूट, एक इंच दोन सूत. आठ सुतांचा इंच, म्हणजे सव्वा इंच झाला. वर चपलेचे तुकडे, वजनानं दबून, एक इंच. मुलगा मुळात पाच फूट पावणेपाच इंच. मोजून झाल्यावर त्यानं बूट काढून पुन्हा मलाच घालायला दिले.

"सव्वा इंच," अण्णा मला म्हणाले, "बरोबर होतं तुझं." तसं त्यांनी मला फार क्वचित म्हटलंय.

मामा भिंतीकडे बघत राहिले. "शेटजीनं फसवलं," ते म्हणाले, आणि खरंच दुखावलेले दिसले. मग त्यांना बहुतेक आठवलं की ते इथं कशाला आले होते. "चला," ते बहिणीला म्हणाले. "मुलगी फारच उंच आहे. फोटोत कसं दिसेल?"

मुलाची आई जागची हलली नाही. ती आतापर्यंत एकटीच पोहे खात होती. तिनं ताटली खाली ठेवली. "दादा, बस जरा," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तू ट्रे घेऊन आलीस ना वाकत, तेव्हा मला वाटलं पोरीच्या पोटात दुखतंय. म्हटलं, आजारी पोरीला कशाला बसवलंय बघायला. सरळ उभी राहिलीस तेव्हा जिवात जीव आला. तुझं काय म्हणणं आहे?"

तिसरं स्थळ होतं ते, पण माझं म्हणणं पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. मी म्हणाले, "मला यांच्याशी जरा बोलायचंय."

आम्ही टाकीच्या पलीकडच्या सावलीत गेलो. मी बूट परत करायला लागले तर तो नको म्हणाला, सावलीत फरशी बरी आहे. मग आम्ही तसेच उभे राहिलो.

"तुम्हाला हे बूट घालायचे होते?" मी विचारलं.

"नाही. मी मामांना म्हटलं, घरात काढावे लागतील. ते म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू."

"लग्न झाल्यावर?"

"ते पण मी विचारलं. म्हणाले, लग्न झाल्यावर कोण मोजतं."

मला हसू आलं. त्यालाही आलं. मग तो गंभीर झाला. "लोक हसतील पण. तुम्हाला जास्त."

मी पलीकडे बोट दाखवलं. शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीत कठड्याला टेकून सात-आठ माणसं, दोन म्हाताऱ्या आणि एक कडेवरचं मूल, केव्हापासून आमचा कार्यक्रम बघत होती. एका म्हातारीनं तर बसायला स्टूल आणलं होतं.

"ते आताच हसतायत," मी म्हणाले.

त्यानं त्यांना हात केला. त्यांच्यातल्या एकानं उलट हात केला. मला वाटतं, माझं तिथंच ठरलं. भाजणाऱ्या पायांसाठी बूट काढणारे खूप सापडतील, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण हसणाऱ्या गच्चीला हात करणारा सापडेल असं वाटेना.

मामा महिनाभर रुसले. आत्या तर त्याहून जास्त, कारण तिच्या मते मी तिची दोन वर्षांची मेहनत एका मिनिटात उभं राहून घालवली होती. लग्न जूनच्या आधी उरकायचं ठरलं. अंबरनाथच्या विहारात लागलं, तिथं सगळेच अनवाणी, त्यामुळे ज्यांना शंका होती त्यांची फिटली. फोटोग्राफरनं पहिला फोटो काढताना कॅमेऱ्यातून बघितलं, कॅमेरा खाली घेतला, पुन्हा बघितलं आणि म्हणाला, "मॅडम खुर्चीत बसल्या तर?" सासूबाई म्हणाल्या, "का, तिला चालता येत नाही का?" दुसऱ्या स्थळाच्या काकूची गोष्ट त्यांना कुणीच सांगितली नव्हती. आई आणि मी एकमेकींकडे बघून एवढ्या हसलो की त्या फोटोत आम्हा दोघींचे डोळे मिटलेले आहेत.

कॅम्प चारच्या ब्लॉकमध्ये राहायला गेले तेव्हा पहिले काही दिवस लोक मला बघायला यायचे. मग दुसऱ्याच आठवड्यात सासूबाईंनी माळ्यावरचा पितळी डबा काढायला सांगितला. वीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी तो तिथं ठेवला होता आणि नंतर कुणाचा हातच पोचला नव्हता. त्यात वाळलेल्या मिरच्या निघाल्या, पांढऱ्या झालेल्या. सासूबाई त्या फेकायला तयार नव्हत्या.

ही बातमी ब्लॉकभर गेली. समोरच्या सिंधी आजी संध्याकाळी दारात आल्या, "बेटा, मेरा बल्ब गया है." मी बदलून दिला. दुसऱ्या दिवशी खालच्या टेलरचा पंखा पुसायचा होता. मग कुणाची जाळी, कुणाचं घड्याळ थांबलेलं, कुणाची पतंग तारेत अडकलेली. नवरा म्हणायचा, "मी येतो, स्टुलावर चढतो." सिंधी आजी त्याला प्रेमानं हातानं बाजूला सारायच्या. "तू बैठ, पुत्तर. तू गिरेगा."

तो दारात बसून चहा घ्यायचा आणि मी लोकांच्या घरी जाऊन हात वर करायचे. कुठंच वाकावं लागायचं नाही.